घागरीचा क्लोजअप

पिंप्राळ्याच्या प्रशीलनं भूत नसलेला भयपट काढला होता. खरं भूत माणसाच्या मनातच असतं, असं तो सांगायचा. भुताचा मेकअप परवडत नव्हता, हे सांगायचा नाही. जळगावात आणि धुळ्यात एकेक खेळ झाला, दोन्हीकडे लोक पोट धरून हसले. तेव्हा बायकोनं, वृषालीनं, निकाल दिला, "सोनगीरला एक जरी माणूस घाबरला तर काढ पुढचा सिनेमा. नाहीतर गुमान माझ्या भावाच्या दुकानात बस."

शूटिंग सोनगीरलाच झालं होतं. तिथल्या प्रमिलाबाई चार दिवस लेकीकडे अमळनेरला गेल्या, तेवढ्यात त्यांच्या मुलानं, ज्ञानेश्वरनं, घर उघडून दिलं. लागेल ते सामान गावातूनच मागून आणलं. घोडं पेंड खाणार होतं ते इथंच, पण या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून खेळ सुरू झाला. एकटी नायिका अंथरुणात थरथरू लागली आणि प्रमिलाबाईंच्या शेजारची पुनम म्हणाली, "हाई ते मन्ही गोधडी शे." मग कुणाला आपलं कपाट दिसलं, कुणाला आपला पाट. भीती राहिली बाजूला, सगळं गाव बारशाला जमल्यासारखं गप्पा मारू लागलं. प्रशील रडकुंडीला आला.

शेवटी घागर आली. कुणी हात न लावता ती गडगडत येते आणि थांबते, या दृश्यावर तो फार खूश होता. अर्धं मिनिट कॅमेरा हलवला नव्हता. घागरीवर नाव घातलेलं होतं. पहिल्या रांगेनं ते मोठ्यानं वाचलं: सौ. प्रमिला.

आणि सगळे चिडीचूप झाले.

ही घागर तीन वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. जाऊ धुरपदाबाईनं चोरली, असं प्रमिलाबाईंनी चारचौघांत सांगितलं, आणि तेव्हापासून गावच्या लग्नकार्यात धुरपदाबाईला भांड्यांच्या खोलीकडे कुणी फिरकू देत नव्हतं.

धुरपदाबाईनं मागं वळून विचारलं, "कोठे सापडनी रे भाऊ हाई तुले?"

"प्रमिलाअक्कांच्याच माळ्यावर," प्रशील म्हणाला. त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "गाद्यांच्या मागं होती."

प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नायिकेकडून असा चेहरा काढायला प्रशीलनं अकरा टेक घेतले होते, तरी मिळाला नव्हता. घाबरलं एकदाचं कुणीतरी. त्यानं आनंदानं वृषालीकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

पडद्यावर नायिका किंचाळत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"तेवढंच परत दखाड रे भाऊ," धुरपदाबाई सगळ्या गावाकडे हात करून म्हणाली. "बठ्ठासले नीट दखू दे."