मदतीचा नंबर

कस्तुरी सांगलीहून जयपूरला नोकरीला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. राजा पार्कात एक खोली, समोर लॅपटॉप, आणि स्वतः कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणायची. खोटं बोलायलाही सराव लागतो, तो तिला झाला होता.

तिची कंपनी गेस्टहाउसवाल्यांसाठी बुकिंगचं ॲप करायची. त्यात मदतीचं एक बटण होतं. दाबलं की फोन लागायचा. चाचणीपुरता म्हणून कस्तुरीने स्वतःचाच नंबर थेट कोडमध्ये लिहिला आणि काढायला विसरली. तात्पुरतं केलेलं काम घरजावयासारखं ठाण मांडून बसतं! ॲप लोकांच्या हातात गेलं आणि फोन सुरू झाले.

तिने दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण पहिला फोन आमेरच्या कलावतीजींचा होता. गेस्टहाउस चालवणाऱ्या साठीच्या बाई. बुकिंग रद्द कसं करायचं ते समजल्यावर म्हणाल्या, "खाना खाया, बेटी?" जयपुरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. कस्तुरीने नंबरची चूक ऑफिसात सांगितलीच नाही. मग त्यांचे फोन येतच राहिले. आधी अडचण, मग गुडघे, मग सुनेची गाऱ्हाणी.

शेवटी तिच्या वरिष्ठाने, अभिजितने, कोड उघडला.

"अगं, नंबर असा कोडमध्ये कोरून ठेवतात का? सेटिंगमध्ये टाक, केव्हाही बदलता आला पाहिजे. उद्या तू नोकरी सोडलीस तर लोकांनी काय बोंबलत बसायचं?"

बरोबरच होतं त्याचं. तिच्याकडे एकच कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने नंबर काढला. सेटिंगमध्ये मदतकेंद्राचा नंबर भरला गेला.

फोन गप्प झाला. रविवारी दुपारपर्यंत तिने कळ काढली आणि मग स्वतःच आमेरच्या गेस्टहाउसच्या लँडलाइनवर फोन लावला.

"अरे बेटी, तुम! अब तो कोई भैया उठाते हैं. बोलो, क्या दिक्कत है?"

"दिक्कत कुछ नहीं, कलावतीजी."

"तो फिर?"

आपला नंबर द्यावा असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण कोणत्या नात्याने द्यायचा? तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"अच्छा, मेहमान आए हैं," कलावतीजी म्हणाल्या. "बाद में बटन दबाऊँगी, भैया से कहूँगी तुम्हें फोन दे दें. पास ही बैठती हो ना?"

"हाँ जी, पास ही," कस्तुरी म्हणाली.

मदतकेंद्र इंदूरला होतं, आणि तिथे तिला कुणीही ओळखत नव्हतं.