तांबड्या मुरुमाचे मडके

वैशाखाच्या तापल्या दुपारी सामाईक भिंतीपलीकडून ठिबकत्या पाण्याचा संथ नाद येई, आणि त्यात नरसव्वाच्या काकणांची किणकिण मिसळे. सोलापूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा नळ नव्हता. विहीर एकच, आणि तिच्या काठाशीच नरसव्वाचा नवरा मल्लय्या सूत रंगवी. रंग पक्का करणाऱ्या मोरचुदाचे निळे पाणी जमिनीत मुरे आणि विहिरीत उतरे. म्हणून तिवईवरच्या सच्छिद्र मडक्यात भाजलेला तांबडा मुरूम भरून नरसव्वा पाणी गाळी. त्या मूक मृत्तिकेने विष उराशी धरावे आणि खाली निर्मळ जल सोडावे, हा तिचा नित्याचा चमत्कार आम्ही साऱ्याजणी निर्धास्त पीत होतो.

दर अमावास्येला ती माळावरून नवा मुरूम आणी. त्या वर्षी मात्र तिची एकुलती लेक बालामणी विषमज्वरातून नुकती उठत होती. तिला सोडून जाणे होईना, आणि जुन्या मुरुमावर हिरवट झाक चढलेली. देवाच्या पितळेवरचा कळंक ती ज्या निष्ठेने काढी, त्याच निष्ठेने तिने तो मुरूम उसन्या चिंचेच्या कोळात भिजवला, चोळला आणि न धुता तसाच पुन्हा मडक्यात भरला. पाणी नितळ आले. मी तिथेच होते. मलाही ते नितळच दिसले.

“अम्मा, पाणी कळकल्यागत लागतंय की,” बालामणी म्हणाली.

“तापानं तोंड गेलंय तुजं. पी, लई चांगलं हाय,” म्हणत नरसव्वाने पेला तिच्या ओठांशी धरला.

तिन्हीसांजेपर्यंत ओकाऱ्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा पोर गेली होती.

मल्लय्याने मडक्यातला मुरूम हुंगला. “मातीनं धरलेलं आंबटानं सोडलं,” एवढेच तो बोलला. धरलेले आंबटाने सुटते, हे त्या रंगाऱ्याला आयुष्यभर ठाऊक होते. बायकोला सांगायचे तेवढे राहिले. त्याचा मला अजून राग येतो.

नरसव्वाने मडके फोडले नाही. ती मुरूम बदलत राहिली, पाणी गाळत राहिली. फक्त पहिला घोट स्वतःच्या जिभेवर कितीतरी वेळ धरून ठेवी आणि मगच आम्हाला घागर भरू देई. तिची काकणे मात्र पुन्हा वाजल्याचे मला आठवत नाही.

आता नळ आहे, नरसव्वा नाही. काळानेही बरेच काही उराशी धरून ठेवले आहे. पण चिंच कोळायला घेतली की ते सारे सुटून वर येते, कारण त्या दिवशीची मूठभर चिंच मीच तिच्या ओंजळीत घातली होती.