चाळिसाव्या ओळीनंतर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पडद्याला अजून मागे कुबड आहे आणि मी सुरू होईपर्यंत मन्सूरभाईंचा एक चहा पिऊन होतो. मित्रांनो, या मन्सूरभाईंचं पांढरकवड्याला फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्या दुकानाच्या कोपऱ्यात, नळ्या आणि वायसरांच्या पसाऱ्यात माझा मुक्काम असतो. गेल्या महिन्यात भंगारवाल्याचा ठेला मला न्यायला दारात उभा होता. तो रिकामाच परत का गेला, एवढंच मला सांगायचं आहे. पण म्हाताऱ्याला एक विचारलं की तो चार सांगतो, तेव्हा थोडं सोसून घ्या.

माझा जन्म यवतमाळचा. एका माणसानं चार कंपन्यांचे चार तुकडे आणून मला स्क्रू पिळून उभं केलं. पहिली काही वर्षं मी सायबर कॅफेत काढली. काय थाट होता तेव्हा! दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्यापुढे रांग रस्त्यापर्यंत जाई. पास झालेली पोरं माझ्या डोक्यावर पेढा ठेवत, नापास झालेली कीबोर्डवर बुक्की मारत. निकाल मी लावलेला नसे, मी फक्त दाखवी. पण दाखवणाऱ्यालाच मार बसतो, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढे घरोघरी मोबाइल आले, कॅफे बंद पडला आणि मन्सूरभाईंनी मला त्यांच्या मुलीसाठी विकत घेतलं. तिचं नाव अतिया. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि उरलेला वेळ दुकानात बसून माझं डोकं खात होती. मला ते आवडायचं.

मग तो वाईट हंगाम आला. त्या साली कापूस माणसाच्या डोक्यावर गेला आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी शिरली. झाड इतकं उंच की हात वर करून फवारावं लागे, आणि फवारा वाऱ्यानं फिरून फवारणाऱ्याच्याच तोंडावर येई. आमच्याकडे त्या विषाला औषध म्हणतात. केळापूरकडचे मारोतराव दुसऱ्यांच्या शेतात रोजीनं फवारणी करायचे. एका सकाळी ते दुकानात आले, तेव्हा त्यांच्या पंपाचा वायसर गेलेला होता आणि सदरा पाठीवर ओला होता.

"मारोतराव, पंप ठेवून जा," मन्सूरभाई म्हणाले. "पाठीवर गळून राह्यला ना!"

"सोमवारी ठेवतो भाऊ. आज चाळीस ओळी उरल्या हायेत, मालक वाट पाहून राह्यला."

त्यांनी गळक्या जागी चिंधी गुंडाळली आणि ते गेले. चाळीस ओळी त्यांनी पुऱ्या केल्या. मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. गावात बोललं गेलं की मारोतराव पिऊन पडला असेल. ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल हे! महिन्याभरानं त्यांच्या पत्नी विमलताई तो पंप घेऊन दुकानात आल्या. "हे तुमच्याजवळ ठेवा भाऊ," म्हणाल्या, "घरात पाहवत नाई." मन्सूरभाईंनी मान वर केली नाही. त्या दिवशी पंप जबरदस्तीनं का काढून घेतला नाही, हा प्रश्न त्यांना अजून सोडत नाही. पंप त्यांनी माझ्याच वरच्या खिळ्याला टांगला.

अतियानं भीत भीत विचारलं, "काकू, काकांवर एक गेम बनवू का? मोबाइलवर खेळतात तसा."

विमलताईंना गेम म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं. त्यांनी बराच विचार केला. "बनव माय. पन खोटं नोको दाखवू. जसं झालं तसंच दाखव. मंग लोकं तरी म्हनतीन, पिऊन नोहोते पडले ते."

अतियानं शब्द दिला. मी साक्षीला होतो.

आठ महिने आम्ही दोघं राबलो. माझा पंखा घरघरायचा, मी मधेच अडकायचो, ती मला थोपटायची, कधी चापटही मारायची. गेमचं नाव तिनं 'बोंडअळी' ठेवलं. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस, कपाशीच्या चाळीस ओळी, आणि दर ओळीला वाढत जाणाऱ्या अळ्या. चाळिसावी ओळ जिंकली की गडी धुऱ्यावर जातो, पंप उतरवतो, बसतो. पडदा हळूहळू काळा होतो. ना ढोल, ना बक्षीस. आणखी एक गोष्ट तिनं केली होती. दर ओळीला त्याचा सदरा पाठीवर थोडा थोडा गडद होत जायचा.

गेम मोबाइलवर गेला आणि पोरांनी तो डोक्यावर घेतला. एकोणचाळिसाव्या ओळीपर्यंत. चाळिसावी पार केलेल्यांनी जो धिंगाणा घातला, तो मी जन्मात विसरणार नाही. लोकांनी लिहिलेलं अतिया माझ्याच पडद्यावर वाचायची. 'आम्ही जिंकलो तरी माणूस मरतो, ही काय फसवणूक?' 'शेवट बदला, नाहीतर बघून घेऊ.' 'बनवणारीला कापसाची बदनामी करायची आहे.' काही तर मी सांगू नये असं होतं. सदऱ्याबद्दलही तक्रारी आल्या. लिहिलं होतं, कपड्याचा रंग आपोआप बदलतो, बिघाड आहे, दुरुस्त करा. अतियानं तो 'बिघाड' तसाच ठेवला.

कळंबचा नयन नावाचा एक तरुण तर मोटारसायकल काढून थेट दुकानात आला.

"आठ दिवस बोटं झिजवली मी," तो म्हणाला. "बारा गावच्या पोरायच्या आधी पोचलो. अन् शेवटी काय, तर मेला! काहून मेला सांगा ना. मी एक अळी सोडली नोहोती."

"त्यांनीपण सोडली नव्हती," अतिया म्हणाली.

नयन दार आपटून निघून गेला.

तोवर वर्तमानपत्रात छापून आलं, 'गेमच्या शेवटावरून तरुणाई संतप्त'. मग टीव्हीवाले आले. आणि गंमत बघा, ज्या गेमला शिव्या पडत होत्या तो दुपटीनं, दसपटीनं लोक घेऊ लागले. शेवट किती वाईट आहे ते पाहायला! याच गर्दीत अतियाचा मामेभाऊ मुजफ्फर नागपूरहून आला. त्याचा जाहिरातीचा धंदा. येताना त्यानं तिच्यासाठी चपटा, चकचकीत लॅपटॉप आणला. मला त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"अतिया, हा गुस्सा म्हणजे फुकटची पब्लिसिटी हाय," तो म्हणाला. "आत्ताच नको बदलू. महिनाभर पेटू दे. मंग आपण जाहीर करू, जनतेच्या मागणीवरून नवा शेवट! दोन्हीकडून नाव होते."

"भाईजान, मी काकूंना शब्द दिला आहे."

"कोणाला? त्यांना गेम कळते का?"

पहिले काही दिवस ती बधली नाही. पण शिव्यांचे फोन दुकानावर येऊ लागले. पंप दुरुस्तीची गिऱ्हाइकं कमी झाली. काही जण मन्सूरभाईंच्या तोंडावर म्हणाले, तुझी पोरगी आपल्या भागाला खाली पाहायला लावते. एका दुपारी मन्सूरभाई खिळ्यावरच्या पंपाकडे पाठ करून म्हणाले, "बदलून टाक बेटा. मले बी रोज तो शेवट पाहवत नाई." मित्रांनो, मुलगी शिव्यांना पुरून उरली होती. बापाच्या या वाक्यापुढे ती हरली. मला तिचा राग आला नाही. मला वाईट वाटलं.

नवा शेवट तिनं लॅपटॉपवर केला. त्यात गडी उठतो, सदरा पांढराशुभ्र होतो, ढोल वाजतो आणि तो कपाशीत नाचतो. जुना शेवट तिनं तिथून पुसून टाकला. मला जुनं फडकं पांघरलं गेलं. जाहीर झालं तेव्हा पुन्हा बातम्या, पुन्हा फोटो, मुजफ्फर खूश. पण नव्याचे नऊ दिवस. ज्यांनी शेवट बदला म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, त्यांनी नवा शेवट एकदा पाहिला आणि ते दुसऱ्या कुठल्या भांडणाकडे गेले. फोन थांबले. मी फडक्याखाली धूळ खात पडलो, आणि गेल्या महिन्यात मन्सूरभाईंनी भंगारवाल्याला निरोप दिला.

ठेला दारात उभा होता, माझ्या तारा काढून झाल्या होत्या, तेवढ्यात विमलताई आल्या. बाजाराची पिशवीही त्यांनी खाली ठेवली नाही.

"काहून बदललं व माय?"

अतियाचा चेहरा उतरला.

"शेजारच्या सुरभीनं मले मोबाइलात दाखवलं. गावात आता काय म्हनून राह्यले माहीत हाय का? गेमवालीनंच काढून टाकलं, म्हंजे ते खोटंच होतं. म्हंजे पिऊनच पडले असतीन." त्यांचा आवाज चढला नव्हता. "अन् त्यायले नाचवतं? चाळीस ओळी करून आलेल्या मानसाले? नाचवू नोका व. थकले हायेत ते. बसू द्या त्यायले."

अतिया रडायलाच लागली. "काकू, मी चुकली. पण जुना शेवट मी पुसून टाकला. आता तो कुठंच नाही."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अगं, मी आहे ना! आठ महिने ज्याला थापट्या मारल्यास, त्याच्या पोटात काय आहे ते विसरलीस? ठेलेवाल्यानं मला उचललं. तेव्हा फडकं सरकलं आणि मन्सूरभाईंची नजर माझ्यावर गेली. मग खिळ्यावरच्या पंपाकडे गेली.

"ठेव खाली," ते म्हणाले. "अतिया, याच्यावरच तर बनवलं होतं तू. यात नसंन का?"

तारा पुन्हा जोडल्या. बटण दाबलं. मी नुसता पिप् करून गप्प झालो. दुसऱ्यांदा पंखा फिरला आणि थांबला. मित्रांनो, निकालाच्या दिवशीही मी इतका घाबरलो नव्हतो. मन्सूरभाईंनी माझं झाकण उघडून पंप साफ करायच्या ब्रशनं आतली धूळ काढली. तिसऱ्यांदा मी होतं नव्हतं ते बळ लावलं आणि सुरू झालो.

अतियानं चाळिसावी ओळ उघडली. गडी शेवटच्या झाडापर्यंत गेला. सदरा पाठीवर काळाभोर ओला होता. विमलताईंनी पडद्यावरची धूळ पदरानं पुसली, नेमकी त्या पाठीवरून. मग तो धुऱ्यावर आला, पंप उतरवला आणि बसला. ठेलेवालाही थांबून पाहत होता.

त्याच दिवशी अतियानं माझ्यातून जुना शेवट काढून घेतला आणि गेममध्ये परत घातला. या वेळी खाली एक ओळ लिहिली. मारोतराव दारू पीत नव्हते, पंप गळत होता. मुजफ्फरला तिनं फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आता कोण पाहते? त्याचं खरं ठरलं. या वेळी ना बातमी, ना शिव्या. पण सुरभीनं ती ओळ गावात चार जणांना वाचून दाखवली, असं विमलताई सांगत होत्या. मन्सूरभाई आता गळका पंप दारातून परत जाऊ देत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असलं तर स्वतःचा पंप त्याच्या हातात देतात.

मित्रांनो, मी फार दिवसांचा सोबती नाही. माझं एवढंच मागणं आहे. जुनं यंत्र भंगारात घालण्याआधी एकदा सुरू करून पाहा, त्यात कोणाचं तरी काही राहिलेलं असतं. आणि एखाद्या गोष्टीचा शेवट आवडला नाही तर रागवा, खुशाल रागवा, पण तो कोणाचा शेवट होता ते आधी विचारा.

दर बाजाराच्या दिवशी विमलताई येतात. पिशवी खाली ठेवतात आणि माझ्यासमोर स्टुलावर बसतात. गडी धुऱ्यावर पोचेपर्यंत त्या काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "बसले. आता बंद कर माय."