दोनदाच धुतलेलं रक्त

मी तोंडाची फटकळ. लॅबमधली पोरं मला पाठीमागे 'फौजदार' म्हणतात, तेही ठाऊक आहे. कूम्ब्ज टेस्टचं रक्त सलाइनने चार वेळा धुवायचं, यावरून मी सगळ्यांना धारेवर धरते. जरासं सीरम मागे राहिलं तरी ते आपलं रसायन गिळून टाकतं. मग शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मारत असलं तरी नळीत गुठळी दिसत नाही.

सोमवारी मुलांच्या वॉर्डातून चार वर्षांच्या मुलीचं रक्त आलं. पिवळी पडलेली, हिमोग्लोबिन पाच. रिपोर्टसाठी सिस्टरने तासाभरात तीनदा फोन केला आणि माझं डोकं फिरलं. घ्या म्हटलं, एकदाचा घ्या तुमचा रिपोर्ट! दोनदा धुतलं, नळी हलवली, गुठळी नाही. टेस्ट नीट झाली का हे कळायला शेवटी तयार पेशींचा एक थेंब टाकतात, तोही टाकला नाही. 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोन दिवस भलतीच कारणं शोधली. बुधवारी पुन्हा नमुना आला, हिमोग्लोबिन अडीच. या वेळी चारदा धुतलं. नळी तिरकी केली, तर तळाशी घट्ट गुठळी. धावत वॉर्डात गेले. पहिल्या टेस्टमध्ये कधी कधी गुठळी येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले आणि मी मूग गिळून बसले. स्टेरॉइड सुरू झालं, रक्त चढवलं. गुरुवारी दुपारी पोर गेली.

शनिवारी तिची आई रिपोर्टचे कागद न्यायला लॅबच्या खिडकीशी आली. तिनेच सांगितलं, रविवारीच डॉक्टरांना दाखवू असं नवरा म्हणाला होता, हिने सोमवारवर ढकललं. गुरुवारपासून तो हिच्याशी बोललेला नाही.

"ताई, एक दिवस आधी आणलं असतं तर वाचली असती ना?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण तिच्याकडे बघवेना.

"तुम्ही वेळेत आणलंत. उशीर माझ्या हातून झाला," मी म्हटलं, आणि धुण्यापासून सगळं सांगितलं.

ती ओरडेल, निदान शिव्या तरी देईल असं वाटलं होतं. तिने फक्त हातातला कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

"हे लिहून द्या. घरी दाखवायचंय."