वॉटरफर्डची सव्वातीनची गाडी

खोटं बोलणं हे चंद्रहासचं काम नव्हे. लहानपणी नागपुरात शाळेला दांडी मारली, तरी संध्याकाळी आईनं नुसतं "काय रे?" म्हटलं की हा सगळं सांगून मोकळा व्हायचा. अशा माणसानं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातल्या बारमध्ये बसून, सलग अकरा शुक्रवार एकच खोटं रेटून न्यावं, याचं खरं तर कौतुकच करायला हवं.

झालं असं की टाळेबंदीनंतर, जूनच्या अखेरीला पब उघडले, पण सरकारनं अटी घातल्या. नुसतं प्यायला बसायचं नाही, सोबत पोटभरीचं जेवण मागवायचं. टेबल मिळणार ते पावणेदोन तास. नाव आणि फोन नंबर लिहून द्यायचा. त्यात या बारनं पदरची एक अट घातली होती, बुकिंग कमीत कमी दोघांचं. वेबसाइटवर माणसांचा आकडा निवडायचा, तर यादी दोनापासूनच सुरू होत होती. चंद्रहासनं दोन निवडलं. तिथं जाऊन सांगू काहीतरी, म्हणाला.

तिथं दारातच नोरीन वही घेऊन उभी. साठीच्या घरातली, ठेंगणी, तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावलेला. तिनं विचारलं, "आणि दुसरं कोण? मागून येतंय का?" एवढंच विचारलं बाईनं. "मी एकटाच आहे," हे तीन शब्द बोलायचे होते. ते काही केल्या त्याला म्हणवेनात. बाहेर उभं राहून वेळ घालवायला तो फोनमधलं गाड्यांचं वेळापत्रक चाळत होता, त्यातलंच काहीतरी तोंडातून निघून गेलं.

"बायको येतेय. वॉटरफर्डहून. सव्वातीनच्या गाडीनं."

"ग्रँड," नोरीन म्हणाली, आणि तिनं टेबलावर दोन काटे, दोन सुऱ्या, दोन रुमाल मांडले.

एकदा बायको येणार म्हटल्यावर तिचंही जेवण मागवणं आलं, कारण नियम माणशी होता. स्वतःला त्यानं भाजीचा बर्गर सांगितला आणि तिला करी. आयरिश पबातली करी म्हणजे अर्धा भात, अर्धे बटाट्याचे चिप्स, आणि दोन्हींवर पिवळा रस्सा. त्याच्या खऱ्या बायकोनं, स्वप्नानं, ते ताट बघितलं असतं तर पोट धरून हसली असती. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. चंद्रहासनं काळ्या बिअरचा ग्लास संपवला, दोन-तीनदा उगीच मान उंचावून फलाटाकडे पाहिलं आणि "चुकली वाटतं गाडी," असं पुटपुटला. नोरीननं करी डब्यात भरून दिली. शनिवारी, डब्लिनबाहेर ॲडम्सटाउनला असलेल्या घरी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच, त्यानं ती गरम करून खाल्ली.

पुढच्या शुक्रवारी खरं सांगून टाकता आलं असतं, पण एकदा बोललेलं निस्तरायचं कसं हेही कळेना. मग बायकोची मीटिंग लांबली. मग तिचं डोकं दुखलं. एकदा तर ती डब्लिनला आली, पण परस्पर मैत्रिणीकडे गेली. आपल्याच बायकोचा असा राग राग करत चंद्रहास करीचा डबा घेऊन घरी जायचा आणि वाटेत त्याला आपली लाज वाटायची. पण शुक्रवारी दुपारी दोन वाजले की लॅपटॉप मिटून हा पुन्हा स्टेशनवर हजर. कंपनीनं शुक्रवारची दुपार मोकळी दिली होती, मन ताजंतवानं करायला म्हणून. घरात मन ताजं करणार तरी कुणाशी बोलून?

बार मात्र सुरेख होता. स्टेशन पावणेदोनशे वर्षांचं, आणि ही खोली त्याच्याच जुन्या अंगातली. छत इतकं उंच की वरचा काळोख दुपारीही हलायचा नाही. लाकडी काउंटर हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला, मागच्या आरशांवर काळे ठिपके पडलेले. उंच खिडकीतून थेट फलाट दिसायचे. स्टेशनातल्या बारचा एक गुण असतो, तिथं एकटा बसलेला माणूस एकटा वाटत नाही. कुणाची तरी वाट बघतोय, असं सगळे धरून चालतात. चंद्रहासला तेवढंच हवं होतं.

खरी गोष्ट अशी, की स्वप्ना फेब्रुवारीत सात वर्षांच्या रेवतीला घेऊन भावाच्या लग्नाला नागपूरला गेली होती. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं आणि त्याआधीच विमानं बंद पडली. सुरुवातीला दिवसातून तीनदा फोन. मग दोनदा. मग रेवती कॅमेऱ्यासमोरून पळून जायला लागली. आणि पाच जुलैच्या रविवारी स्वप्नानं शांतपणे सांगितलं, "मी परत येणार नाहीये, चंदू. इथल्या एका आर्किटेक्टकडे काम मिळालंय. रेवतीचं नाव शाळेत घातलंय. तुझ्यावर राग नाही. पण तिथं परत नाही येणार."

भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. चंद्रहासनं तेव्हा "बघू, विमानं सुरू झाली की बोलू," असं म्हणून फोन ठेवला होता, आणि तेच वाक्य तो सगळ्यांना ऐकवत होता. ॲडम्सटाउनमधली मराठी मंडळी रस्त्यात भेटली की दोन मीटरवरून विचारायची, "वहिनी कधी येतायत?" हा म्हणायचा, "विमानं सुरू झाली की." आई फोनवर विचारायची, तिलाही तेच. सगळ्या जगाची विमानं बंद पडल्याचा असा फायदा दुसऱ्या कुणी घेतला नसेल. दिवसेंदिवस त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि हीच मोठी धास्तीची गोष्ट होती. एकदा "ती येणार नाही" असं तोंडानं म्हटलं, की मग ती खरंच येणार नव्हती.

अठरा सप्टेंबरचा शुक्रवार उजाडला तो आईच्या फोननं. "आजपासून अधिक महिना लागला. विहीणबाईंचा फोन आला का? जावयाचं वाण असतं रे."

दोन वर्षांपूर्वीच्या अधिकात सासूबाईंनी नागपूरहून तेहतीस अनारसे कुरिअरनं पाठवले होते. डब्लिनला पोहोचेपर्यंत त्यांचा पार भुगा झाला होता. तो भुगा त्यानं आणि रेवतीनं आठ दिवस चमच्यानं खाल्ला होता, आणि सासूबाईंना मात्र "एकही तुटला नाही" असं कळवलं होतं. यंदा दुपारचे दोन वाजले, म्हणजे नागपुरात संध्याकाळचे साडेसहा, तरी सासूबाईंचा साधा निरोपही नव्हता. सासूबाई म्हणजे सणवार विसरणारी बाई नव्हे. जावयाला काय म्हणून फोन करायचा, हे त्यांना कळत नसणार. म्हणजे त्या घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि सगळ्यांनी ते मान्यही केलं होतं. ह्यूस्टनला जाणाऱ्या गाडीत मास्क लावून बसलेला चंद्रहास हे मनात घोळवत राहिला आणि त्याला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

बारमध्ये त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. डब्लिनमध्ये रुग्ण वाढले होते, आज मध्यरात्रीपासून पब आणि हॉटेलांत आत बसणं बंद होणार. जाहीर संध्याकाळी व्हायचं होतं, पण रेडिओ सकाळपासून तेच सांगत होता. निम्मी टेबलं रिकामी होती. नोरीननं नेहमीसारखे दोन काटे, दोन सुऱ्या मांडल्या आणि न विचारताच बर्गर, करी आणि बिअर लिहून घेतली.

जेवण आलं. सव्वातीन वाजले. चंद्रहासनं सवयीनं खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाला, "आज गाडीला उशीर दिसतोय."

नोरीन गेली नाही. हातातला फडका तिनं खांद्यावर टाकला.

"तुला एक सांगते, रागावू नकोस," ती म्हणाली. "उद्यापासून आम्ही बंद, परत कधी उघडू देव जाणे, म्हणून सांगते. सव्वातीनला वॉटरफर्डची गाडी येतच नाही. मार्चमध्ये गाड्या कमी केल्या, तेव्हाच ती गेली. मी तीस वर्षं या खिडकीपाशी काम करतेय, मला गाड्या पाठ आहेत."

चंद्रहासचे कान तापले. कंपनीत दुसऱ्यांच्या कामातली शिळी माहिती शोधून काढायचा पगार घेणारा हा इंजिनिअर, फोनमध्ये जानेवारीत उतरवून ठेवलेल्या वेळापत्रकावर अकरा आठवडे बायको आणत होता.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"पहिल्या दिवसापासून," नोरीन म्हणाली.

"मग दोन ताटं का मांडत होतात?"

"तू दोन मागवत होतास ना, म्हणून."

ती हसली नाही, कीव केल्यासारखंही काही बोलली नाही. चंद्रहासनं बिअरच्या ग्लासाकडे पाहिलं, करीकडे पाहिलं, आणि जे आईला, मित्रांना, स्वतःला सांगता आलं नव्हतं, ते या परक्या बाईला सांगितलं.

"ती येणार नाहीये. जुलैतच म्हणाली. मुलीला घेऊन तिकडेच राहणार आहे. मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"फार वाईट झालं रे," नोरीन म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, तिला जावं लागलं. जाताना तिनं करीची ताटली उचलली नाही, तशीच राहू दिली.

बोलून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात. चंद्रहासचं झालं नाही. उलट समोरची खुर्ची एवढे दिवस फक्त रिकामी होती, ती आता कायमची रिकामी झाली. खोलीत माणसं होती, काट्यासुऱ्यांचे आवाज होते, आणि तो इतका एकटा पडला होता की जवळच्या जवळ कुणाचा तरी हात धरावा असं त्याला वाटलं. हात धरायला तर बंदीच होती. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्याच्या डोक्यात एक सरळ साधा प्रश्न आला. आपले सहा-सात महिने असे गेले. स्वप्नाची इथं चार वर्षं कशी गेली असतील? त्यानं फोन उचलला.

"काय झालं?" स्वप्ना घाईनं म्हणाली. "या वेळी कसा फोन? बरा आहेस ना?"

"बरा आहे. एक विचारायचं होतं." तो अडखळला. "तू ये असं म्हणायला नाही केला फोन. मी ऑफिसला गेलो, रेवती शाळेत गेली, की तू दिवसभर काय करायचीस?"

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"आत्ता विचारतोयस?"

"हो. सांग ना."

"काय करणार," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी नोकऱ्यांचे अर्ज. नंतर तेही सोडले. स्वयंपाकघरातल्या कपाटातले डबे काढायचे, पुसायचे, परत लावायचे. संपलं काम, की अकराची गाडी पकडून ह्यूस्टनला जायचे."

"कुठं?"

"ह्यूस्टन स्टेशनला रे. शहरात नाही जायचे, स्टेशनातच बसायचे. तिथं एक जुना बार आहे बघ, त्याच्या खिडकीसमोर बाक आहे. त्या बाकावर. आत जावंसं वाटायचं, पण बाई माणूस एकटी दुपारी बारमध्ये कशी जाणार? माझं मलाच धैर्य झालं नाही. बाकावर बरं वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, ही कुणाला तरी घ्यायला आलीय. दीडची गाडी धरून रेवतीच्या शाळेपर्यंत परत."

चंद्रहासनं खिडकीतून पाहिलं. बाक होता. हिरव्या रंगाचा, त्यावर मधोमध बसू नये म्हणून पिवळी पट्टी चिकटवलेली.

"किती वेळा जायचीस?"

"आठवड्यातून तीनदा. चारदा."

"मला का नाही सांगितलंस कधी?" त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याच्या आवाजात थोडी तक्रारही होती.

"सांगितलं होतं, चंदू. दोनदा सांगितलं. एकदा जेवताना, आणि एकदा तू मोजे शोधत होतास तेव्हा. तू म्हणालास, छान, जात जा अशी अधूनमधून बाहेर."

नोरीन येऊन टेबलापाशी उभी राहिली आणि पावणेदोन तास झाल्याची खूण म्हणून तिनं मनगटावर बोट टेकवलं. चंद्रहासनं मान हलवली, पण उठला नाही. तो आठवायचा प्रयत्न करत होता. कुठलं जेवण, कुठली सकाळ, तिचा चेहरा कसा होता, आपण मान वर करून पाहिलं तरी होतं का. त्यानं डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. त्याला काहीच आठवेना.