मालक समोर हवा

चावीवाल्याचा धंद्यातला एकच नियम होता आणि तो त्याने चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा एक सुटाबुटातला गृहस्थ "बायकोचं कपाट आहे, ती गावाला गेलीय" म्हणत दोन तास दुकानात ठाण मांडून बसला होता. "मग त्या आल्या की त्यांना घेऊन या," एवढंच सांगून याने कानस पुन्हा चालू केली होती.

अशा माणसाने स्वतःच्या घरात चोरून कुलूप काढावं, याला काय म्हणायचं? त्याने स्वतः त्याला माया म्हटलं होतं. आपण सगळेच म्हणतो.

त्याची बायको सव्वीस वर्षं एका वर्तमानपत्राचं रविवारचं शब्दकोडं तयार करत होती. आधी चौकटींच्या वहीत, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. गेली बारा वर्षं कॉम्प्युटरवर. सकाळी चहाचे कप विसळून झाले की ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, बटण दाबायची, पासवर्ड टाकायची आणि मग जेवायच्या वेळेपर्यंत जगाशी तिचा संबंध नसायचा. पासवर्ड काय आहे हे त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

गेल्या काही महिन्यांत या क्रमात एक पाणी पिणं शिरलं होतं. बटण दाबलं की पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट यायची, तिची बोटं अक्षरांवर नुसतीच थांबायची आणि ती उठायची.

"पाणी पिऊन येते."

एके दिवशी टेबलावर भरलेला पेला असतानाही ती पाणी प्यायला गेली, तेव्हा तो सावध झाला. लोक चाव्या कुठे लपवतात हे त्याला चांगलं माहीत होतं. कुंडीखाली, दाराच्या चौकटीवर, जुन्या बुटात. त्यामुळे शोधायला फारसा वेळ लागला नाही. कपांच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्या अक्षरात अकरा अक्षरं. हजारो शब्द जिच्या जिभेवर, तिला स्वतःची अकरा अक्षरं सापडत नव्हती.

तिच्या विसरण्याबद्दल डॉक्टर मागेच म्हणाले होते, वयाप्रमाणे थोडंफार होणारच, त्यांचं काम मात्र सुटू देऊ नका. चावीवाल्याने तेवढंच धरून ठेवलं होतं. रोज सकाळी त्या चौकटीपाशी अशी हरत राहिली तर ही एक दिवस कोडंच सोडून देईल, ही त्याची धास्ती होती. मग ती चौकटच नको.

बायको पुस्तकं बदलायला वाचनालयात गेली असताना त्याने भाचीला फोन लावला. भाची एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायची.

"सोपं आहे, मामा. घराबाहेर जात नाही ना तो कॉम्प्युटर? मग पासवर्ड न टाकता सुरू होईल असं करता येतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मामीला विचारलंय ना?"

"हो, हो," तो म्हणाला. चाळीस वर्षांत तो पहिल्यांदाच असं खोटं बोलला आणि तेही किती सहज.

भाचीने सांगितलेल्या पडद्यावरच्या चौकोनातली बरोबरची खूण त्याने काढली, चिठ्ठीवरून पासवर्ड एका बोटाने दोनदा टाकला आणि चिठ्ठी होती तिथे परत लावली. दहा मिनिटांत काम फत्ते. हट्टी कुलूप खटकन उघडल्यावर वाटतं तसं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं आणि पडदा आपोआप उघडला. ती हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बघत राहिली. तो बुटाची नाडी बांधत होता, त्याने ती पुन्हा सोडून पुन्हा बांधली. आज संध्याकाळी सांगू, असं ठरवून तो दुकानात गेला आणि संध्याकाळी मूग गिळून बसला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. पाणी पिणं बंद झालं होतं, म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी आला तेव्हा ती फोनवर बोलत होती.

"या महिन्याची चार देते. पुढच्यासाठी दुसरं कुणीतरी बघा," ती संपादकांना सांगत होती. फोन ठेवून तिने त्याचं ताट वाढायला घेतलं.

"का गं?" त्याने विचारलं.

"मला आता माझाच भरवसा राहिला नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "पासवर्ड आठवत नव्हता, तोवर ठीक होतं. मी चिठ्ठी लावली होती, तुम्हाला नाही सांगितलं. पण आता मी तो टाकते आणि टाकल्याचंच आठवत नाही. बटण दाबते, आणि बघते तर आत पोचलेली असते. मधलं कुठे जातं हो? काल गॅस बंद आहे का ते चारदा उठून बघितलं. अशा डोक्याने लोकांना कोडी कसली घालायची?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"तू तो टाकतच नाहीस," तो म्हणाला. "मी काढलाय. आता तो लागतच नाही."

ती खुर्चीत बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते फार टिकलं नाही.

"नऊ दिवस मला वाटत होतं, मी संपत चाललेय. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"तुला त्रास नको म्हणून केलं गं."

"कुलूप कुणाचं होतं?"

त्याने ताट बाजूला सारलं.

"एरवी लोकांना दारातून परत पाठवता. इथे तर मालकीण घरातच होती. विचारायचं होतं."

त्याला लाज वाटली. ती लाज त्याने झटकली नाही. जेवण तसंच ठेवून त्याने भाचीला फोन लावला, खरं काय ते सांगितलं, तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि बायकोला टेबलाशी बोलावलं.

"लावू का परत?"

"लावा."

खूण त्याने केली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अक्षरं त्याला तोंडपाठ होती, तरीही. संपादकांचा विषय त्याने काढला नाही.

दुसऱ्या सकाळी तिने बटण दाबलं. चौकट आली. चार अक्षरं पडली आणि बोटं थांबली. पुढची सात त्याच्या जिभेच्या टोकावर होती. त्याने जीभ दातांखाली धरली आणि दाराशी बूट घालत बसला. फार वेळ गेला. शेवटी ती उठली. आता ती पाणी प्यायला निघणार, हे त्याला ठाऊक होतं.

"चिठ्ठी बघून येते," ती म्हणाली.

कपाट उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. परत येऊन तिने उरलेली अक्षरं टाकली, पडदा उघडला आणि तिने कालचं अर्धं कोडं समोर घेतलं. तो बाहेर पडणार तेवढ्यात तिने मान न वळवता हाक मारली.

"अहो, दुपारी संपादकांना फोन करायचाय. कोडं मीच करणार म्हणून सांगायचंय. विसरले तर आठवण करा."

"करतो," तो म्हणाला आणि दार ओढून घेऊन दुकानाकडे निघाला.