नाव दिसलं

मुलगी होऊन सव्वा महिना झाला, तरी तिला नाव नव्हतं. पिल्लू, बाळी, ढमी, ज्याच्या तोंडाला जे येईल ते. आबांच्या सुनेच्या आई, म्हणजे विहीणबाई, बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या आणि त्यांच्या मोबाईलमध्ये रोज एक नवं नाव उगवायचं. आज आयरा, उद्या नायशा, आणि परवा असं काहीतरी, की ते नाव आहे की सर्दीचं औषध, हे आबांना कळायचं नाही.

आबांनी मात्र या विषयात तोंड घालायचं नाही असं ठरवलं होतं.

"आबा, तुमच्या मनात काही आहे का?" सुनेनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"माझ्या मनात काय असायचंय? तुम्हाला आवडेल ते ठेवा."

हे साफ खोटं होतं. मनात होतं आणि एकच होतं. हौसा. त्यांच्या बायकोचं नाव. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. मुलगा "आई" म्हणायचा, सून "सासूबाई". आबा काहीच म्हणायचे नाहीत.

शिवाय एकदा जेवताना मुलगा कुणी न विचारताच बोलून गेला होता, "जुनीपानी नावं नकोत हं. शाळेत पोरं जीव नकोसा करतात. आईच सांगायची ना, तिला कसे चिडवायचे? हौसा आली, नवसा-गवसा कुठे राहिल्या?"

खरं होतं ते. आबांनी तोंडातला घास गिळला आणि विषय तिथेच संपला.

आबा आणि त्यांची बायको दोघंही एका कापड गिरणीत कामाला होते. ती माग चालवायची आणि हे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मागखात्यात एकदा सगळे माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवायची, तेही मोठे मोठे करून, आणि समोरचा ते वाचायचा. भांडणं, चेष्टा, सुखदुःख, सगळं बिनआवाजाचं. या सवयीनं त्यांची भाषाच बदलली. घरीसुद्धा ही माणसं "ऐकू आलं नाही" म्हणत नसत, "दिसलं नाही" म्हणत. "काय म्हणालीस? दिसलं नाही, इकडे बघून बोल."

त्या खात्यात हौसासारखं नाव दुसरं नव्हतं. हौ म्हणताना तोंड चांगलं गोल उघडतं आणि सा म्हणताना दात चमकतात. खात्याच्या पार दुसऱ्या टोकावरून वाचता यायचं. आबांनी ते नाव आयुष्यभर असंच घेतलं, ओठांनी. घरी आल्यावर "अगं" आणि "ऐकलंस का" यावर भागायचं. सगळ्या संसारात त्यांनी बायकोला नावानं मोठ्यानं हाक अशी मारलीच नव्हती. तिला त्याचं काही नव्हतं. "लोकांच्या तोंडून ऐकायला माझं नाव बावळट वाटतं," ती म्हणायची, "पण तुमच्या तोंडात बरं दिसतं."

शेवटच्या दुखण्यात तिचा आवाजच गेला. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही. ती मात्र घाबरली नाही. तिनं ओठ हलवायला सुरुवात केली, आणि रात्रंदिवस उशाशी बसणारी सून हळूहळू ते वाचायला शिकली. पाणी, खिडकी, पाय चेप, यांना सांग जेवून घ्या. मुलगा तर लहानपणापासूनच वाचत होता. आईबाप आपल्या डोक्यावरून काय बोलतात हे कळायला दुसरा मार्गच नव्हता त्याला.

हे सगळं माहीत असूनही आबांकडून एक घोडचूक झाली, जी फक्त मागखात्यातला माणूसच करू जाणे. आवाज काढला नाही म्हणजे आपण काही बोललोच नाही, असं ते धरून चालले.

झालं असं की सकाळी बाळीला मांडीवर घेऊन बसायचं काम आबांकडे आलं. सून आंघोळीला जायची, विहीणबाई स्वयंपाकघरात असायच्या, आणि आबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे. बाळी डोळे फाडून त्यांच्या तोंडाकडे बघायची. आबांचे ओठ आपोआप हलायचे. हौसा. आवाज नाही, काही नाही. एके दिवशी बाळीनंही तोंड गोल केलं. आबा चरकले. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. बाळीनं पुन्हा तोंड गोल केलं, आणि वर एक बुडबुडा काढला. त्या दिवशी आबा दुपारी झोपले नाहीत. येरझाऱ्या घालत राहिले.

"पोटात दुखतंय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"छे, छे. छान चाललंय."

मग एका रविवारी दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. आज नाव पक्कं करायचंच, असं विहीणबाईंनी जाहीर केलं होतं. आबांच्या बायकोची गिरणीतली मैत्रीण मुलीला बघायला आली होती. अंगानं सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिनसारखी काटकुळी, म्हणून सगळे तिला बॉबिनमावशी म्हणायचे. ती दाराजवळच्या खुर्चीत चहा पीत बसली होती. आबा समोर खिडकीपाशी, मांडीवर बाळी.

"तर मग आयरा," मुलगा म्हणाला. "सोपं आहे, सुटसुटीत आहे. कुणाची हरकत?"

"हरकत कसली? किती गोड नाव आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"आबा?"

"तुम्हाला आवडेल ते," आबा म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. बाळी त्यांच्याकडेच बघत होती. सवयीनं ओठ हललेच.

"दिसलं!" बॉबिनमावशी कडाडली.

विहीणबाईंनी दोन्ही पाय झटकन सोफ्यावर घेतले. "कुठे? पाल आहे का?"

"पाल नाही हो! नाव दिसलं, नाव! भावजी, पुन्हा बोला बघू."

"मी कुठे काय बोललो?" आबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आबा," सून शांतपणे म्हणाली, "मला रोज दिसतंय. आंघोळीहून आले की मी दारातच उभी राहते. वाट बघत होते, कधी तोंडानं बोलताय."

आबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"तुलाही?"

"परवा दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणत होतात ना, आवडेल ते ठेवा! मला वाटलं, तुम्हाला नकोय. घरात त्या नावानं हाका मारल्या तर तुम्हाला त्रास होईल." मग तो जरा थांबला. "आणि चिडवतील ते खरंच आहे, आबा. मला माझ्या पोरीला रडत घरी आलेलं नाही बघायचं."

"कुणी मला सांगेल का काय चाललंय?" विहीणबाई म्हणाल्या. "सगळे नुसते माशासारखं तोंड उघडताय, आणि मी एकटीच पाण्याबाहेर!"

आता सगळे आबांकडे बघत होते. आत्ता गप्प बसलं तर मुलीचं नाव आयरा, आणि हौसा हे नाव या घरातून कायमचं गेलं. आबांना हे स्वच्छ कळलं. त्यांनी बाळीला खांद्याशी धरलं आणि उभे राहिले.

"चिडवतील," ते म्हणाले. "तिलाही चिडवलं. ती रडली नाही, चिडवणाऱ्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधून आली. ही पण बघून घेईल. आपण आहोत की शिकवायला."

बॉबिनमावशी खुदकन हसली.

"आणि त्रासाचं म्हणशील तर, त्रास नाव न घेण्याचा होतोय रे. वर्षभर ते नाव इथे येऊन अडकलंय." त्यांनी घशाला हात लावला. "हाक मारायची तर कुणाला? हाक मारली की ओ द्यायला कुणीतरी लागतं. मला या घरात त्या नावाला ओ द्यायला माणूस हवंय. मला हेच नाव हवंय. बास. सांगितलं."

मुलानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मग मारा हाक. तोंडातल्या तोंडात नाही. मोठ्यानं."

आबांनी तोंड उघडलं. ओठ गोल झाले, दात दिसले, पण आवाज आला नाही.

"दिसलं," बॉबिनमावशी हळूच म्हणाली. "आता ऐकवा."

आबांनी छाती भरून श्वास घेतला. जन्मभर मागांच्या खडखडाटात नुसत्या ओठांनी बोललेल्या माणसाला हाक किती मोठी मारायची याचा अंदाज नसतो.

"हौसा!"

कपाटावरची भांडी झणाणली. बाळी दचकली, तिनं तोंड गोल केलं आणि असा टाहो फोडला, की आबांची हाक त्यापुढे काहीच नाही.

"ओ दिली!" बॉबिनमावशी ओरडली. "ओ दिली रे पोरीनं!"

सून हसता हसता रडायला लागली. मुलगा आबांच्या गळ्यातच पडला, बाळीसकट. विहीणबाईंनी पाय सोफ्यावरून खाली घेतले, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "राहू दे बाई. आयराला एवढा आवाज शोभलाच नसता."

खालून इस्त्रीवाल्यानं वर बघत विचारलं, "आबा, काय झालं? कुणाला बोलावताय?"

आबा खिडकीशी गेले. त्यांनी रडणाऱ्या मुलीला दोन्ही हातांवर उचलून धरलं.

"नातीला!" ते ओरडले. "नाव विचार तिचं! विचार!"

"काय नाव?"

आबांनी सांगितलं. मग, इस्त्रीवाल्याला पहिल्यांदाच नीट ऐकू आलेलं असूनही, पुन्हा सांगितलं.